बाय : शून्य

टीव्हीनं दाखवलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मानवत. मार्केट यार्डातली दुधगावकरांची अडत.
कसोटीचा पाचवा दिवस, चहानंतरचा.
हमाल वजनकाट्यावरच बसलेले, काटा दाखवतोय
तीन क्विंटल चौदा किलो माणूस,
आणि पडद्यावर, यष्ट्यांच्या मागं
उकिडवं बसलेलं आमचं लेकरू :
खाजा, बाबूमियाँ पिंजाऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून एक झेल सुटला.
तो त्यांनी अकरा वेळा दाखवला. मी मोजलं.
सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, रसवंतीवर एकच :
"हातातला सोडला राव, काहून गेला मग तिथं?"
म्हणणाऱ्यांत असेही होते,
ज्यांना घरचं मांजर धरता येत नाही.

मी गणिताचा मास्तर.
शाळेचं धावपुस्तक एकोणतीस वर्षं माझ्याकडं.
फलंदाजाला ओळ असते, गोलंदाजाला ओळ असते.
यष्टिरक्षकाला जागा पार तळाशी, अवांतरात,
तीही चुकला तरच.

सातवी ब. सतराचा पाढा अडला
म्हणून पन्नास उठाबशा सांगितल्या होत्या.
यानं साठ काढल्या.
वरच्या दहा कशाच्या रे?
"अठराच्या पाढ्याच्या, सर. उद्या लागतीलच."

आमच्या मैदानावर गवत नाही.
काळी माती. एप्रिलात भेग पडते
ती चार बोटं आत जातील एवढी.
भेगेच्या काठाला लागलेला चेंडू कुठं जाईल
ते टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही.
ग्लोव्ह्ज शाळेचे, तळवे फाटलेले.
बाप त्यात गादीतून उरलेला कापूस भरायचा, दर शनिवारी,
आणि एकदा धुनकी बाजूला ठेवून
त्यानं सांगितलं ते मी ऐकलंय :
"पकडना नई रे. फाया उतरताय ना हवा में,
वैसा उतरने दे."
प्रशिक्षण म्हणाल तर एवढंच.

तर पाचवा दिवस.
नऊ बाद. पाहुण्यांना चार हवेत.
फिरकी लेगच्या बाहेर पडली, बुटांनी उकरलेल्या खड्ड्यात,
आणि बिळात काठी घातल्यावर जे उठतं तशी उठली.
फलंदाज हुकला. मागं कुणी नाही,
मागं थेट दोरी.
खाजाच्या डाव्या कानाजवळ ग्लोव्हज आले
आणि त्यांत चेंडू होता.
समालोचक तेव्हा पंख्याच्या बक्षीस योजनेबद्दल बोलत होते.

पुढच्याच चेंडूवर पायचीत.
तीन धावांनी जिंकलो.
हमाल उठले, काटा शून्यावर आला.
गोलंदाज खांद्यावर, गोलंदाजाला मोटारसायकल.
गर्दीच्या मागं एक जण बेल्स वेचत होता,
एक सापडत नव्हती.

रात्री वहीत उतरवून घेतलं.
दोन्ही डाव मिळून एकशे एक्याऐंशी षटकं, चार चेंडू.
म्हणजे एक हजार नव्वद वेळा बसला, उठला. नोबॉल वेगळे.
लेगबाय नऊ; ते फलंदाजांच्या पायांचे, याचे नव्हेत.
बाय : शून्य.
पेन दाबून काढला. कागदाच्या मागं उमटला.

सकाळी वही घेऊन पिंजाऱ्याकडं गेलो.
आता मशीन आलंय, धुनकी खुंटीला.
भुवयांवर कापूस. "बच्चे ने कित्ता मारा, सर?"
पहिल्या डावात चार. दुसऱ्यात शून्य.
मग तळाच्या रकान्यावर बोट ठेवलं,
म्हटलं, तो शून्य वेगळा, हा वेगळा,
आणि बराच वेळ समजावत बसलो.

त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, वही मिटून परत दिली.
"डावी करंगळी देखी क्या उसकी?
वाकडी दिसली टीव्हीवर."
मग ढिगातून हातानं निवडून निवडून
एक पुडकं भरलं, दोऱ्यानं शिवलं.
पत्ता मी घातला.

पोस्टात त्याचं वजन भरलं साठ ग्रॅम.
कारकुनानं ते कानाशी हलवून पाहिलं.
"मास्तर," म्हणाला,
"आत काही घातलंय ना नक्की?"